अंगठा, सही आणि मुकी अक्षरं

दुपारची भांडी घासून झाली असतील, शेताकडं निघायला अजून थोडा वेळ असेल, तर आज वही-पेन घेऊन रेडिओजवळ बसा. पेन नसेल तर पोरांच्या दप्तरातलं घ्या, संध्याकाळी परत ठेवा. आजचा विषय नुसता ऐकून जमणारा नाही, थोडं लिहावं लागणार आहे.

गोष्ट आमच्या गटाच्या खजिनदार काकूंची आहे. काकू चौथी शिकलेल्या. पण व्याजाचा हिशोब असा पक्का, की मी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं असतं. गेल्या वर्षी त्यांनी मनाशी ठरवलं, गटाचा चेक आता दुसऱ्याकडून भरून घ्यायचा नाही. नातीच्या पुस्तकातून एबीसीडी गिरवली, थाउजंड आणि हंड्रेड हे दोन शब्द जुन्या कागदांवरून पाठ केले, आणि मिरची कांडपाच्या बिलाचा २,८०० रुपयांचा चेक एकटीनं लिहिला. टू थाउजंड एट हंड्रेड. टू लिहिलं टी-यू. एट लिहिलं ई-टी.

बँकेतल्या खिडकीपलीकडच्या माणसानं तो चेक परत सरकवला. एवढंच केलं असतं तर चाललं असतं. पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "येत नाही तर लिहिता कशाला?" काकू काही न बोलता घरी आल्या. त्या आठवड्याच्या मीटिंगला आल्या नाहीत, पुढच्याही नाही. मग मीच त्यांच्या घरी गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, "मी जसं बोलते तसंच लिवलं की गं. मग चुकलं कुटं?"

बायांनो, हा प्रश्न मी कित्येक दिवस डोक्यात घेऊन फिरले. कारण काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मराठीत आपण जवळजवळ बोलतो तसंच लिहितो. काकूंनी इंग्रजीलाही तसंच समजलं. चूक त्यांच्या कानात नव्हती, डोक्यात तर नव्हतीच.

पुढं जाण्याआधी एक कामाची गोष्ट सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. चेक इंग्रजीतच लिहिला पाहिजे असा नियम नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे तो इंग्रजीत, हिंदीत किंवा आपल्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो. 'दोन हजार आठशे फक्त' असं स्वच्छ मराठीत लिहिलेला चेक चालतो, आणि कुणी नाही म्हटलं तर त्याला हे ठामपणे सांगायचं. अक्षरी रक्कम मात्र नीट लिहायची. आकड्यात एक आणि अक्षरात दुसरं असं झालं, तर कायदा अक्षरातली रक्कम धरतो. चेकच्या १८८१ च्या कायद्यात कलम १८ मध्ये तसं लिहिलेलं आहे. खाडाखोडही आता चालत नाही, रक्कम चुकली की नवा चेक फाडावा लागतो.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मराठीत तर मला येतंयच की." म्हणजे त्यांना इंग्रजीतच लिहायचं होतं. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

लिहा आता. टू म्हणजे दोन, टी-डब्ल्यू-ओ. मधला डब्ल्यू तोंडातून येतच नाही. शाळेतल्या बाई अशा अक्षराला सायलेंट लेटर म्हणतात. आम्ही गटात त्याला मुकं अक्षर म्हणतो. काकूंचा लगेच पुढचा प्रश्न, "मुकंच हाय तर ठिवलंय कशाला?"

ठेवलंय, कारण ते जन्माचं मुकं नाही. एके काळी ते बोलत होतं. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडातली माणसं दोनला 'ट्वा' म्हणायची. त्यात व स्पष्ट ऐकू यायचा. आपल्या संस्कृतात दोनला द्वि म्हणतात. द्वितीया, द्विदल, द्वादशी हे शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे. त्या द्विमधला व आणि टूमधला डब्ल्यू ही एकाच घरातली भावंडं आहेत. फार फार मागं गेलं तर इंग्रजी आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा. बी.ए.ला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा उपयोग मिरची कांडपाच्या चेकसाठी होईल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

तर, बोलता बोलता टूमधला व गळाला, कागदावर डब्ल्यू राहून गेला. पण त्याच घरातल्या बाकीच्या शब्दांत तो अजून बोलतो. ट्वेंटी म्हणजे वीस, ट्वेल्व्ह म्हणजे बारा, ट्विन म्हणजे जुळं, ट्वाइस म्हणजे दोनदा. म्हणून टू लिहिताना मनात ट्वेंटी म्हणायचं. डब्ल्यू आपोआप आठवतो.

आता एट म्हणजे आठ. ई-आय-जी-एच-टी. इथं जी आणि एच दोघं जोडीनं मुके. पूर्वी या जागी घशातून खरवडून काढलेला ख होता, आपण घसा साफ करताना येतो ना, तसा. जर्मन भाषा इंग्रजीची चुलत बहीण. तिच्यात आठाला आजही 'आख्ट' म्हणतात. आपलं अष्ट, अष्टमी, हेही त्याच कुळातलं. नाईट म्हणजे रात्र, एन-आय-जी-एच-टी. जर्मनीत रात्रीला 'नाख्ट' म्हणतात. आणि श्रावणात नक्त करणाऱ्या बायका आहेत ना आपल्याकडं, दिवसभर उपास धरून रात्री जेवणाऱ्या? ते नक्त म्हणजे रात्रच. आपल्या नक्तमध्ये जिथं क आहे, तिथं इंग्रजांच्या नाईटमध्ये जी-एच आहे. आपला क अजून बोलतो, त्यांचा गप्प बसलाय.

या जी-एचला पुढं टी आला, की तो गप्पच असतो असं धरून चाला. लाईट, राईट, एट, नाईट. आणि आपल्या धंद्यातला शब्द म्हणजे वेट, वजन. पापडाच्या पाकिटावर 'नेट वेट' लिहावं लागतं. एट लिहून त्याच्या आधी डब्ल्यू लावला की झालं वेट. डॉटर म्हणजे मुलगी, त्यातही जी-एच आहे. डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर. संस्कृतात मुलीला दुहिता म्हणतात. दुहितातला ह आणि डॉटरमधला जी-एच एकाच जागेवर उभे आहेत. मुलीचा फॉर्म भरताना हा शब्द लागतोच, म्हणून मुद्दाम सांगितला.

आणि के. नाईफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे माहीत असणं, तिन्हींच्या सुरुवातीला के-एन. पूर्वी ते लोक चक्क 'क्नी' म्हणायचे. जर्मन लोक गुडघ्याला आजही क्नी म्हणतात. आपल्याकडं गुडघ्याला जानु. रामाला आजानुबाहू म्हणतात, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. त्यांचा के म्हणजे आपला ज. आणि नो लिहिताना के-एन एकत्र येतात, तिथं आपल्याकडं काय आहे? ज आणि ञ. म्हणजे ज्ञ! ज्ञानेश्वरांचा ज्ञ. नो आणि ज्ञान एकाच मुळाचे शब्द. आता गंमत बघा, आपण तरी ज्ञ कुठं ज आणि ञ असा म्हणतो? लिहितो ज-ञ आणि म्हणतो द्न्य. हिंदीवाले म्हणतात ग्य. तेव्हा इंग्रजीला हसायच्या आधी आपलं ज्ञ आठवायचं.

मग प्रश्न उरतो, तोंडातून गेलं तर कागदावरून का नाही गेलं? याचं मोठं कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसानं १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. त्याआधी हातानं लिहायचे, ज्याला जसं येईल तसं. एकाच गावातली दोन माणसं एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहायची आणि कुणी कुणाला हसत नसे. छपाई सुरू झाल्यावर तेच ते स्पेलिंग शेकडो प्रतींवर जायला लागलं आणि हळूहळू पक्कं झालं. तोंडाला मात्र कुणी छापखाना लावला नव्हता. बोलणं बदलत राहिलं. नाईफमधला क साधारण सतराव्या शतकात गळाला, तोवर कागदावर के घट्ट बसला होता. पुढं १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा शब्दकोश आला आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे आज नाईफ लिहिताना आपण आजचं इंग्रजी लिहीतच नाही. काही शतकांपूर्वीची माणसं कशी बोलत होती ते लिहितो. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी मेलेल्यांचं बोलणं मला पाठ करायला लावत्यात!" तसंच आहे, काकू.

आपल्या मराठीतही असं होतं, हे पुष्कळ जणींना माहीत नसेल. घरात एखादं जुनं खरेदीखत, आजोबांचं पत्र, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पोथी असेल तर काढून बघा. नांव, गांव, पांच, कांहीं, घरांत. प्रत्येकावर टिंब. ते टिंब शोभेचं नव्हतं. कधी काळी त्या जागी नाकातून आवाज यायचा. आवाज गेला, टिंब राहिलं आणि पोरांना शाळेत मार खाऊन ते पाठ करावं लागायचं. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम ठरले, त्यात न बोलली जाणारी ही टिंबं काढून टाकली. म्हणून आपण आज नुसतं नाव लिहितो. पण गोव्यात, कोकणात कोकणी बोलणाऱ्या बाईच्या तोंडी तो नाकातला आवाज तुम्हाला आजही ऐकू येईल. जर्मनांच्या तोंडी जसा क राहिला, तसा.

मला विचाराल तर १९६२ मध्ये आपल्यावर उपकारच झाले. इंग्रजीत असं एकदम कुणी केलं नाही. अमेरिकेत नोआ वेबस्टर नावाच्या कोशकारानं १८२८ च्या शब्दकोशात थोडी छाटणी केली. कलरमधला यू काढला. पण नाईफचा के त्यानंही ठेवला. त्यामुळं इंग्रजांच्या स्वतःच्या पोरांनाही स्पेलिंग घोकावंच लागतं. अमेरिकेत तर १९२५ पासून पोरांची देशभराची स्पेलिंगची स्पर्धा होते, बक्षिसं लागतात. मराठीत अशी स्पर्धा भरवली तर ऱ्हस्व-दीर्घावरच काय ती रंगेल.

आता दुसऱ्या जातीची मुकी अक्षरं सांगते. ही मला जास्त खटकतात, कारण ही जन्माचीच मुकी आहेत. इंग्रजीत ती कधी बोललीच नाहीत. आणि नेमकी आपल्या बचत गटाच्या कामातच भेटतात.

डेट म्हणजे कर्ज. लिहा, डी-ई-बी-टी. बी कशाला? इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढं विद्वान मंडळींना वाटलं, आपला शब्द मुळात लॅटिनमधल्या डेबिटममधून आलाय, मग ते लोकांना दिसायला नको का? म्हणून त्यांनी मध्ये बी बसवला. रिसीट म्हणजे पावती, त्यातला पी असाच बसवलेला. आर-ई-सी-ई-आय-पी-टी. डाऊट म्हणजे शंका, त्यातला बीसुद्धा. विद्वानांनी आपलं लॅटिन मिरवलं आणि त्याचं ओझं आजपर्यंत पोरं वाहतायत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण या बीचा आपल्याला एक उपयोग आहे. पासबुक काढा. त्यात डेबिट आणि क्रेडिट असे दोन रकाने असतात. डेबिटमध्ये बी चांगला ठणठणीत बोलतो. डेट ही डेबिटची मुकी बहीण. बोलणाऱ्या बहिणीला आठवा, मुकीचं स्पेलिंग सापडेल. हे नाही आठवलं तर घोटाळा होतो, कारण आपण मराठीत तारखेलाही डेट म्हणतो. तारीख म्हणजे डी-ए-टी-ई, कर्ज म्हणजे डी-ई-बी-टी. कर्जाच्या फॉर्मवर दोन्ही भेटतात.

साईन म्हणजे सही. एस-आय-जी-एन. जी मुका. त्याची बोलकी बहीण कोण? सिग्नेचर. तिथं ग ऐकू येतो. फॉर्मच्या खाली उजवीकडं बहुतेक सिग्नेचरच छापलेलं असतं, तेवढ्यावरून साईन लिहिता येतं.

आणि थंब. थंब म्हणजे अंगठा. टी-एच-यू-एम-बी. इंग्रज माणूस त्याला 'थम' म्हणतो, बी बोलतच नाही. मेंढराच्या कोकराला लॅम म्हणतात, कंगव्याला कोम म्हणतात, त्यांच्या शेवटी एम-बी आहे. त्या दोघांचा बी पूर्वी खरोखर बोलायचा, मग गप्प झाला. अंगठ्याच्या जुन्या शब्दात मात्र बी नव्हता. इतरांच्या देखादेखी त्यालाही शेपूट लागलं. आता शेवटी म आणि पुढं बी दिसला, की बी मुका, एवढं लक्षात ठेवलं की बास.

थंब शिकवताना आमच्या मीटिंगमध्ये एक आजी म्हणाल्या, "अंगठ्याला इतकी अक्षरं? आणि सहीला चारच?" सगळ्या हसल्या. आजींनी मग साईनची चार अक्षरं लिहिली. अंगठा त्यांनी आयुष्यभर दिला होता, त्याचं स्पेलिंग शिकायला त्यांनी साफ नकार दिला.

गहाणखताला मॉर्गेज म्हणतात. त्यात टी मुका आहे, एम-ओ-आर-टी-जी-ए-जी-ई. आपल्याकडं पुष्कळ जण तो टीसुद्धा म्हणतात, मॉर्टगेज. म्हणू द्या, बोलताना काही बिघडत नाही, उलट लिहिताना फायदाच होतो. जुन्या फ्रेंचमध्ये मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे तारण. मेलेलं तारण! नाव ठेवणाऱ्यानं सावकारी जवळून बघितली असणार. बिझनेसमध्ये आय मुका. बिझी आणि पुढं नेस, कामात गुंतलेलं असणं. बी-यू-एस-आय-एन-ई-एस-एस. प्रस्तावावर हा शब्द असतोच, म्हणून तेवढा घोकून टाका. हाफमध्ये एल मुका. रॅप म्हणजे गुंडाळणं आणि रिस्ट म्हणजे मनगट, यांच्या आधी डब्ल्यू मुका. जिथं पिळणं, वळणं, गुंडाळणं आहे तिथं बऱ्याचदा असा डब्ल्यू लपलेला असतो. राईट म्हणजे लिहिणं, त्यालाही आहे.

डब्ल्यूवरून आता माझी स्वतःची फजिती सांगते. काकूंची सांगितली, माझी लपवली तर बरं दिसणार नाही.

आमच्या गटाच्या गव्हाच्या शेवया प्रदर्शनाला न्यायच्या होत्या. लेबल इंग्रजीत करू, शहरातली गिऱ्हाइकं येतात, असं माझंच डोकं. अख्ख्या गव्हाच्या म्हणजे होल व्हीट. मी लिहून दिलं, एच-ओ-एल-ई. छापणाऱ्यानं छापलं. एक हजार लेबलं. चिकटवून, पाकिटं सील करून, आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो होतो. प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी एक कॉलेजची मुलगी पाकीट हातात घेऊन मैत्रिणीला दाखवून हसायला लागली. मी विचारलं तेव्हा बिचारीनं हळू आवाजात सांगितलं, "काकू, याचा अर्थ भोकाचा गहू होतो." अख्खा म्हणजे होल, त्याच्या आधी डब्ल्यू लागतो, डब्ल्यू-एच-ओ-एल-ई. तो नसेल तर होल म्हणजे भोक. उच्चार एकच. किडका गहू विकायला आणलाय असंच आम्ही हजार पाकिटांवर छापून आणलं होतं. बी.ए. झालेली मी. त्या लेबलांचे पैसे मी गटाला माझ्या खिशातून दिले. गटानं अर्धेच घेतले. म्हणाल्या, चिकटवताना आम्हीपण होतोच की.

हा डब्ल्यूसुद्धा मागाहून लावलेला आहे. होलचं मूळ घर हेल्थ आणि हील यांच्याबरोबरचं, म्हणजे तब्येत आणि जखम भरून येणं. धडधाकट, अख्खं असा अर्थ. तिथं कुठंच डब्ल्यू नाही. पण आज तो आहे, आणि निदान भोक आणि अख्खं वेगळं दाखवायच्या कामी येतो. म्हणून मुकं अक्षर नेहमी बिनकामाचं असतं असंही नाही.

सगळ्यात जास्त काम करणारं मुकं अक्षर म्हणजे शब्दाच्या शेवटचा ई. लिहा, आर-ए-टी. झालं रॅट, म्हणजे उंदीर. आता शेवटी ई लावा, आर-ए-टी-ई. झालं रेट, म्हणजे दर. ई स्वतः बोलला नाही, पण आधीच्या ए-चा आवाज बदलून गेला. सासूबाई खोलीत नुसत्या येऊन बसल्या की सगळ्यांचा आवाज बदलतो ना, तसं. व्याजाचा रेट लिहिताना ई राहिला तर तो व्याजाचा उंदीर होतो, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणचं व्याज उंदरासारखंच कुरतडतं. हा ई सुद्धा पूर्वी बोलायचा. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात नेम या शब्दाला जवळजवळ 'नामऽ' म्हणायचे. आपलं नामच की ते! ओवी म्हणताना आपण शब्दाच्या शेवटचा अ लांबवतो, बोलताना मात्र गिळतो. त्यांनीही तसाच गिळला.

आता शिकायचं कसं, ते सांगते. मोठी यादी आणून घोकत बसू नका, दोन दिवसांत कंटाळा येतो. आपल्या कामात लागणारे दहा-बारा शब्दच घ्या. चेक, पासबुक, फॉर्म आणि आपल्या मालाचं लेबल, एवढ्या चार कागदांवर जे भेटतात ते. वहीत शब्द लिहिताना मुकं अक्षर लाल पेननं लिहा. हाताला ते वेगळं लागतं, डोळ्याला टोचतं, आणि टोचलं की राहतं.

दुसरी युक्ती म्हणजे शब्दाला दोन उच्चार द्यायचे. एक तोंडाचा, एक हाताचा. तोंडानं नाईफ म्हणायचं, लिहिताना मनात 'क्नाईफ' म्हणायचं. तोंडानं रिसीट, मनात 'रिसीप्ट'. बुधवारला तोंडानं वेन्सडे, लिहिताना मनात 'वेड-नेस-डे'. त्यातला मुका डी म्हणजे वोडन नावाच्या त्यांच्या जुन्या देवाच्या नावातलं अक्षर. आपला वार बुधाच्या नावानं, त्यांचा वोडनच्या. आमची मीटिंग बुधवारी असते, त्यामुळं सगळ्या वेड-नेस-डे म्हणतच येतात आणि पोरं हसतात. हसू द्या. त्यांच्यासमोरच लिहायचं आणि त्यांनाच तपासायला लावायचं. काकूंची नात आता रोज रात्री त्यांना एक शब्द घालते आणि काकू तिला एक व्याजाचं तोंडी गणित घालतात. नात गणितात जास्त वेळा हरते असं ऐकते.

तिसरी युक्ती बोलक्या बहिणीची, ती वर सांगितलीच. डेटची डेबिट, साईनची सिग्नेचर, टूची ट्वेंटी. ज्याला बोलकी बहीण सापडत नाही, तो शब्द मुकाट्यानं पाठ करायचा. थंबला मला अजून बोलकी बहीण सापडलेली नाही.

मागच्या महिन्यात शेवयांच्या गव्हाचं बिल द्यायचं होतं, ८,२०० रुपये. चेक काकूंनी लिहिला. मी शेजारी बसले होते, पण बघितलं नाही, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. ओठ हलत होते त्यांचे. 'एग्-ह्-ट' असं काहीतरी, मग 'ट्वो'. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या झाल्या. बँकेत खिडकीवर तोच माणूस होता. त्यानं चेक वाचला, मान वर न करता शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "काहीच बोलला न्हाई की गं." आणि रस्त्यात थांबून त्यांनी दोघींसाठी उसाचा रस सांगितला.

पुढच्या बुधवारी, म्हणजे वेड-नेस-डेला, याच वेळी. येताना आपल्या घरातलं एखादं रिकामं पाकीट जवळ ठेवा, बिस्किटाचं असेल तर उत्तम. बिस्कीटमध्येही एक मुकं अक्षर आहे, तोवर शोधून ठेवा. नमस्कार.